तंजावरचे कुंपण

तंजावर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सरस्वती महालातील पोथ्या उभ्या राहतात. बृहदीश्वराच्या आवारात १८०३ साली शिळेवर कोरलेला भोसले कुळाचा इतिहास उभा राहतो. आणि व्यंकोजीराजांपासून दुसऱ्या शिवाजीपर्यंत सुमारे एकशे ऐंशी वर्षे चाललेली एक दूरदेशीची मराठी गादी उभी राहते. परंतु सतराव्या शतकाच्या अखेरीस जो मराठा कारकून कावेरीच्या काठी प्रथम जमाबंदीला बसला, त्याची पहिली गाठ पडली ती एका शब्दाशी. तेथील जमीन बिघ्यांत मोजली जात नसे. ती मोजली जात असे ‘वेलि’ या मापाने. वीस ‘मा’ मिळून एक वेलि. आजच्या हिशेबाने साडेसहा एकरांहून किंचित अधिक. आणि तमिळ भाषेत वेलि या शब्दाचा सरळ, रोजचा अर्थ आहे कुंपण.

मराठी कानाला वेली म्हटले की मांडवावर चढलेली जाईजुई आठवते. त्या कारकुनालाही क्षणभर तसेच वाटले असेल. पण राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर जे लेख आहेत, त्यांत देवाला दिलेली गावेच्या गावे या ‘कुंपणां’नीच मोजलेली आहेत, आणि एका वेलीचे इतके बारीक अपूर्णांक दिले आहेत की वाचणाऱ्याची छाती दडपावी. कुंपण घातले म्हणजे जमीन आपली झाली, आणि जितकी कुंपणात आली तितकीच मोजायची, हा विचार त्या एका शब्दात साठवून राहिला आहे. नांगर किती चालला किंवा बी किती पेरले यावरून जमीन मोजणारे देश पुष्कळ आहेत. कुंपणाचेच नाव मापाला देणारा हा मुलूख मात्र वेगळा दिसतो.

हे कुंपण कोणाविरुद्ध होते? माणसाविरुद्ध तर होतेच. पण शेतकऱ्याचे रोजचे शत्रू अधिक नम्र असतात. ते चार पायांनी येतात, रात्री किंवा पहाटे येतात, आणि पोटापुरते खाऊन निघून जातात. गुराढोरांना हाकून द्यावे, त्यांच्या मालकाला जाब विचारावा. हरणाला आणि सशाला मालक नसतो.

तंजावरच्या जुन्या घराची बांधणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की घर रस्त्याकडून अरुंद दिसते आणि आत लांबच लांब जाते. ओसरी, मधला चौक, माजघर, स्वयंपाकघर ओलांडले की मागे विहीर, केळी, नारळी, कढीलिंब, देवपूजेची फुलझाडे. मराठीत ज्याला परसू म्हणतात त्यालाच तमिळमध्ये ‘कोल्लै’ म्हणतात. मोठ्या देवळांना अशाच पण विस्तीर्ण फुलबागा लावून दिलेल्या असत; त्यांना नंदवनम असे भारदस्त नाव आहे, आणि त्यांच्यासाठी जमीन दान दिल्याचे उल्लेख चोळकालीन लेखांत वारंवार येतात. कोल्लै या शब्दातील ‘ल’च्या जागी ‘ळ’ उच्चारला की होते ‘कोळ्ळै’, आणि कोळ्ळै म्हणजे लूट. उत्तरेकडच्या माणसाला हा भेद कानाने पकडणे अवघड जाते. मराठी माणसाला ळ नवा नसल्यामुळे तो चटकन उमगतो. परसू आणि लूट यांच्यामध्ये जिभेच्या टोकाच्या एका वळशाचे अंतर असावे, हा भाषेचा योगायोगच. पण परसात पहाटे उभ्या राहिलेल्या माळ्याला तो योगायोग वाटणार नाही.

चोर कोण होता हे माळी रोपाकडे पाहून सांगतो. हरणाच्या, तसेच काळविटाच्या, वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तो पाला खालचे दात आणि वरची कठीण हिरडी यांच्यात धरून ओढतो. त्यामुळे तुटलेल्या देठाला चिंध्या निघालेल्या असतात. सशाचे दात कातरीसारखे चालतात. त्याने खाल्लेले रोप तिरपे, स्वच्छ, जणू कोयत्याने छाटल्यासारखे दिसते, आणि ते जमिनीपासून वीतभर उंचीवर. हा ससा म्हणजे युरोपातील बिळे खोदणारा ससा नव्हे. आपल्याकडचा रानससा, ज्याच्या मानेवर काळा ठिपका असतो, तो बीळ खोदीत नाही. गवतात अंगापुरती खळगी करून दिवसभर पडून राहतो आणि अंधार पडल्यावर निघतो. भर कावेरीखोऱ्यात भाताचे पाणी उभे असते, तेथे या दोघांचे फारसे चालत नाही. त्यांचा उपद्रव होतो तो पाणी संपते तेथे: खोऱ्याच्या कडेच्या कोरड्या माळावर, आणि वेदारण्याजवळच्या समुद्रकाठच्या गवतात.

कुंपणाला म्हणून दोन परस्परविरुद्ध कामे करावी लागतात. हरीण वरून येते, ससा खालून येतो. उंच पण विरळ कुंपण सशाला दार उघडे ठेवते. दाट पण बुटके कुंपण काळविटाला एका झेपेचे असते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, गायरानाला लागून असलेल्या शेताविषयी बोलताना, स्मृतिकाराने नेमकी हीच दोन टोके पकडली आहेत. उंटाला वरून डोकावता येऊ नये इतके कुंपण उंच असावे, आणि कुत्र्याला किंवा डुकराला तोंड घालता येईल असे एकही भोक त्यात राहू देऊ नये. नियम गुरांच्या संदर्भातला आहे. पण तो सांगणाऱ्याने कधीतरी स्वतः ओणवे होऊन कुंपणाचा तळ तपासला असावा असे वाटते. त्याच ठिकाणी स्मृतिकार आणखी एक गोष्ट सांगतो. कुंपण न घातलेल्या शेतातले पीक गुरांनी खाल्ले, तर राजाने गुराख्याला दंड करू नये. म्हणजे रक्षणाचा भार ज्याचे पीक त्याच्यावर.

कौटिल्याचे मत याहून सूक्ष्म आहे, आणि ते आपल्यापर्यंत पोचले तेही तंजावरच्याच वाटेने. अर्थशास्त्राची पोथी शेकडो वर्षे नाहीशी झाली आहे असेच विद्वान समजत. तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने ती म्हैसूरच्या सरकारी ग्रंथालयाच्या स्वाधीन केली; तेथे रुद्रपट्टण शामशास्त्री यांनी १९०५ पासून तिचा अनुवाद प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि १९०९ साली मूळ ग्रंथ छापून निघाला. त्या पंडिताचे नाव मागे राहिले नाही. पोथी मात्र राहिली, आणि तिच्यात राखीव वनातील जनावरांविषयी एक नियम आहे. अशी जनावरे कोणाच्या शेतात चरताना आढळली, तर वनाच्या अधिकाऱ्याला कळवावे, आणि त्यांना इजा न करता, ठार न मारता बाहेर हाकावे. गुरांना मात्र दोरी किंवा चाबूक वापरून हाकण्यास कौटिल्याची हरकत नाही. दंडाच्या बाबतीत ज्याची लेखणी कधी कचरत नाही, त्या ग्रंथकाराने हरणाला दिलेली ही सवलत लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या हरणाचा मालक राजा होता, हे तिचे एक कारण असेल. पण मालक असला म्हणजे जबाबदारीही आली. कळवायचे कोणाला हे त्या शेतकऱ्याला निदान ठाऊक होते.

कुंपणाच्याही आधी माणूस स्वतःच कुंपण होता. प्राचीन तमिळ काव्यात डोंगरउतारावर राळ्याचे पीक राखणाऱ्या मुली जागोजाग भेटतात. चार खांबांवर बांधलेल्या माळ्यावर त्या बसतात, गोफण फिरवतात, बांबूच्या टिपऱ्या वाजवतात, आणि पोपटांना व हरणांना हाकारे घालतात. गोफण हे हत्यार आणि माळा ही जागा देशावरच्या शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. हुरड्याच्या दिवसांत जोंधळ्याच्या शेतात हेच दृश्य दिसते. अशाच एका माळ्यावर तमिळ देशाची सर्वांत लाडकी देवी बसलेली आहे. वल्ली ही मुरुगन देवाची, म्हणजे आपल्या कार्तिकेयाची, पत्नी. महाराष्ट्रात कार्तिकेय ब्रह्मचारी, आणि त्याच्या दर्शनाला स्त्रियांनी जाऊ नये असा रिवाज. तंजावर जिल्ह्यातच कुंभकोणमजवळ स्वामिमलै येथे मुरुगनाच्या सहा प्रमुख स्थानांपैकी एक आहे, आणि तमिळ देशात त्याच्या दोन पत्नींची नावे लहान मूलही सांगते. कथा अशी की वल्लीचा जन्म एका हरिणीच्या पोटी झाला. हरिणीने तिला रताळ्यासारख्या कंदाच्या खड्ड्यात टाकले, शिकाऱ्यांच्या नायकाने तिला उचलून वाढवले, आणि मोठी झाल्यावर तिला राळ्याच्या शेताची राखण करायला बसवले. तेथेच मुरुगन शिकाऱ्याच्या वेषात तिच्यापुढे आला.

पुराण सांगणाऱ्याने या विसंगतीवर बोट ठेवलेले नाही, आणि ते योग्यच केले आहे. हरिणीची लेक हरणांपासून शेत राखते आहे. तिच्या हातातल्या गोफणीतून सुटणारा खडा कोणाच्या अंगावर पडत असेल, हे ऐकणाऱ्याने आपल्याशी विचारावे.

पण माणूस रात्रभर बसून राहू शकत नाही, आणि प्रत्येक परसाला वल्ली मिळत नाही. म्हणून झाडांना कामाला लावले गेले. आणि या बाबतीत कावेरीकाठच्या माळ्यांचे शहाणपण खरोखर असाधारण होते. त्यांनी पाहिले की उंची आणि दाटी यांच्याइतकीच तिसरी गोष्ट महत्त्वाची असते, ती म्हणजे चव. जे कुंपण जनावर खाऊ शकते ते कुंपणच नव्हे. तमिळमध्ये अडुळशाला ‘आडातोडै’ म्हणतात. आडु म्हणजे शेळी, आणि तोडा म्हणजे न शिवणारी. शेळीही जिला तोंड लावीत नाही ती वनस्पती, अशी त्या नावाची फोड सांगतात. शेळी जे सोडते ते हरीणही सोडते, असा माळ्यांचा हिशेब. मराठी घरात अडुळसा खोकल्यापुरता ठाऊक. तो कुंपणाला लावला तर परसाचे आणि छातीचे, दोघांचेही रक्षण करतो हे सोयीचेच आहे. लिनियसने १७५३ साली जगातील वनस्पतींची यादी केली तेव्हा अडुळशाला दिलेल्या लॅटिन नावात हेच ‘आडातोडा’ जसेच्या तसे ठेवले. दुधाळ, बोटांसारख्या हिरव्या कांड्यांचा शेर, ज्याचा चीक डोळ्यात गेला तर माणूस तळमळतो, त्याच्याही लॅटिन नावात ‘तिरुकळ्ळि’ हा दक्षिणी शब्द बसलेला आहे. तो लिनियसकडे मलबारच्या डच गव्हर्नराने, व्हान ऱ्हीडने, करविलेल्या ग्रंथातून गेला. लिनियसचा एक शिष्य, योहान कोनिग, १७६८ साली तंजावरच्या राज्याला लागून असलेल्या डेनिश ठाण्यात, तरंगंबाडीस, येऊन राहिला आणि तेथून त्याने या किनाऱ्याच्या वनस्पती धुंडाळल्या. युरोपातील विद्वानांना ज्या नावांनी दक्षिणेच्या झाडांची ओळख झाली, त्यांतील काही नावे मुळात माळ्यांनी शेळ्यांचे निरीक्षण करून ठेवलेली होती.

तिसरे झाड निर्गुडीचे. तमिळमध्ये तिला ‘नोच्चि’ म्हणतात. तिचा कडवट वास जनावरांना आवडत नाही, आणि फोकांचे ताटे विणून पक्के कुड तयार होते. प्राचीन तमिळ काव्यशास्त्रात युद्धाच्या प्रत्येक प्रसंगाला एकेका फुलाचे नाव दिले आहे. वेढा पडलेला किल्ला आतून लढविण्याच्या प्रसंगाचे नाव ‘नोच्चि’. तटावरचे वीर निर्गुडीच्या निळसर तुऱ्यांच्या माळा घालून उभे राहात. परसाच्या कुंपणाचे झाड किल्ल्याच्या रक्षणाचे चिन्ह व्हावे, यात त्या कवींना काही विजोड वाटले नाही. ज्या मराठ्यांनी पुढे तंजावरच्या तटबंदीवर पहारा केला त्यांनाही ते विजोड वाटण्याचे कारण नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या घेऱ्यातील झाडी जतन करावी, तीतील एक काठीही तोडू देऊ नये, असा सक्त आदेश आहे. झाडी हे गडाचे पहिले कुंपण होते. समर्थ रामदासांच्या बागप्रकरणात बागेत लावावयाच्या झाडांची जी लांबलचक नामावली येते, तीतही काटेरी झाडांना मानाची जागा आहे. समर्थांच्या शिष्यांचे मठ तंजावर आणि मन्नारगुडी येथे होते. ती नामावली तेथे किती जणांनी पाठ केली असेल कोण जाणे.

यानंतरचा अध्याय परदेशी काट्यांचा आहे. फड्या निवडुंग अमेरिकेतला. युरोपीय जहाजांतून तो हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरला आणि पाहता पाहता गावोगावचे कुंपण झाला. त्याला पाणी लागत नाही, राखण लागत नाही, तुटलेले फड जमिनीवर पडले की तेथे नवे झाड उभे राहते, आणि त्याच्या काट्यांतून ससा सोडाच, सापही विचार करून जातो. तमिळ लोक त्याला ‘सप्पात्तिकळ्ळि’ म्हणतात. ऐकताना चपातीच आठवते, आणि फड पाहिले की तसे वाटण्यात चूक नाही. ईस्ट इंडिया कंपनीला मात्र या झाडात दुसराच लाभ दिसत होता. निवडुंगावर वाढणाऱ्या एका किड्यापासून किरमिजी रंग निघतो, आणि त्या रंगाचा व्यापार स्पेनच्या मुठीत होता. मद्रासचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांनी त्यासाठी सैदापेठेत निवडुंगाची बागच लावली. १७९५ साली कॅप्टन नील्सन यांनी ब्राझीलहून किडे आणले. पण ते निघाले हलक्या जातीचे. रंग फारसा मिळाला नाही. त्या किड्यांनी निवडुंगाची एक जात मात्र फस्त करून टाकली.

उरली ती दुसरी, अधिक दांडगी जात. तिला हा किडा शिवेना. कुंपणातून ती शेतात शिरली, गायरानात शिरली, पडक्या देवळांच्या आवारात शिरली. जी वस्तू जनावरांना बाहेर ठेवण्यासाठी लावली तीच आता माणसांना बाहेर ठेवू लागली. अखेर १९२६ साली सिंहलद्वीपातून दुसऱ्या जातीचा किडा आणून सोडण्यात आला, आणि पाचसहा वर्षांत दक्षिणेतील हजारो एकर जमीन मोकळी झाली. एका परदेशी कुंपणाचा हा शेवट. त्यातून कोणी धडा घेतला असे पुढच्या हकीकतीवरून दिसत नाही.

‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण मराठीत सर्वांच्या तोंडी आहे. तमिळमध्येही अगदी हीच म्हण आहे: वेलीनेच पीक चरून टाकले. तंजावरच्या राजघराण्याला ती दोन्ही भाषांत समजत होती. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांनी राज्यकारभार कंपनीच्या हाती सोपवला. त्यांच्याकडे किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढे राहिले, आणि बदल्यात कंपनीचे संरक्षण मिळाले. सरफोजींनी त्या कुंपणात राहून ग्रंथ जमवले, वैद्यक अभ्यासले, वनस्पतींची आणि पशुपक्ष्यांची सुरेख चित्रे काढवून घेतली. १८५५ साली त्यांचे चिरंजीव शिवाजीराजे पुत्रावाचून वारले. पुढच्याच वर्षी कंपनीने राजवाड्यातील खाजगी मालमत्तेवरही कुलपे घातली. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब मद्रासच्या न्यायालयात दाद मागून जिंकल्या. पण १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, हे राज्यसत्तेचे कृत्य असून न्यायालयाच्या कक्षेबाहेरचे आहे, असे म्हणून तो निकाल फिरवला. १८६२ साली सरकारने मालमत्ता राण्यांना परत दिली, ती न्याय म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून.

राज्य गेल्यावर किल्ल्याच्या खंदकांना आणि तटांना काही काम उरले नाही. बृहदीश्वराला लागून असलेल्या छोट्या किल्ल्यात, शिवगंगा तलावाच्या काठी, १८७१-७२ च्या सुमारास तंजावरच्या नगरपालिकेने सार्वजनिक बाग केली. पुढे या बागेत लोकांच्या करमणुकीसाठी हरणे आणि ससे ठेवण्यात आले. येथे एक मोठा बदल मुकाट्याने घडून गेला. ज्या दोन प्राण्यांना बागेबाहेर ठेवण्यासाठी शतकानुशतके कुंपणे घातली, तेच आता बागेत होते, आणि जाळी होती ती त्यांनी बाहेर जाऊ नये म्हणून. मुले त्यांना हौसेने पाला चारीत.

समुद्रकाठी हीच उलटापालट मोठ्या प्रमाणावर झाली. वेदारण्याच्या दक्षिणेला कोडियक्करै नावाचे भूशिर आहे. तेथे वाळूच्या एका उंचवट्यावर रामाची पावले दाखवतात. लंकेकडे पाहात राम येथे उभा राहिला अशी श्रद्धा आहे. नाशिकच्या पंचवटीत फुले वेचणाऱ्या सीतेला केळीच्या बनाजवळ चरणारे सोन्याचे हरीण दिसले, तेथून या टेकाडापर्यंतचा सारा वनवास एका बागेत शिरलेल्या हरणामुळे घडला, हे आठवले म्हणजे या जागेला वेगळाच अर्थ येतो. कारण कोडियक्करैचे गवत हेच तमिळ देशातील काळविटांच्या मोजक्या उरलेल्या घरांपैकी एक. १९६७ साली मुख्यतः काळविटांसाठी येथे अभयारण्य जाहीर झाले. त्या वेळी हा भाग तंजावर जिल्ह्यात होता. १९९१ पासून तो नागपट्टिनम जिल्ह्यात गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट पहिल्या अनुसूचीत आले. आता त्याला मारणे हा गंभीर गुन्हा. परसात शिरले तर हाकावे आणि वनखात्याला कळवावे. कौटिल्याचा नियम दोन हजार वर्षांनी, जवळजवळ त्याच शब्दांत, परत लागू झाला.

नियम परत आला, पण त्याच्या जोडीची जबाबदारी तितकीशी परत आली नाही. महाराष्ट्रात कर्जतजवळचे रेहेकुरी अभयारण्य १९८० साली काळविटांसाठी जाहीर झाले; त्याचे क्षेत्रफळ सव्वादोन चौरस किलोमीटरांच्या आतलेच. काळविटाला नकाशा वाचता येत नाही. तो रात्री शेजारच्या ज्वारीत आणि हरभऱ्यात उतरतो. शेतकऱ्याने कायदा पाळावा हे बरोबरच. पण ज्याच्या दोन एकरांवर त्या कायद्याचा खर्च पडतो, त्याला भरपाईसाठी कागद घेऊन कचेरीत हेलपाटे घालावे लागावेत हे बरोबर नाही. मनूने भार शेतकऱ्यावर टाकला, कौटिल्याने वनाच्या अधिकाऱ्यावर. आजचा शेतकरी या दोन ग्रंथांच्या मधल्या बांधावर उभा आहे.

कोडियक्करैला संकट आले ते मात्र शेतकऱ्याकडून आले नाही. काळविटाला तमिळमध्ये ‘वेळिमान’ असेही म्हणतात. मान म्हणजे हरीण, आणि वेळि म्हणजे उघडे रान, मोकळी जागा. येथे ए किंचित आखूड, आणि ल नव्हे, ळ. वेलि म्हणजे कुंपण, वेळि म्हणजे मोकळे माळ. काळविटाचे सारे जगणे या दुसऱ्या शब्दावर अवलंबून आहे. त्याचे रक्षण त्याच्या डोळ्यांत आणि पायांत असते. लांबवरचा शत्रू दिसला पाहिजे, आणि पळायला सपाट गवत पाहिजे. झुडपांत शिरलेले काळवीट आंधळे आणि पांगळे होते.

१८७७ च्या सुमारास कडप्पाकडे एक अमेरिकन काटेरी झाड सरपणासाठी आणून लावले गेले. मराठीत ती वेडी बाभूळ, तमिळमध्ये ‘सीमैक्करुवेलम’, म्हणजे विलायती बाभूळ. सरपण म्हणून ती उत्तम, आणि कुंपण म्हणून त्याहून उत्तम. तिच्या फांद्या तोडून आडव्या टाकल्या की परसाला दुसरी राखण लागत नाही. निवडुंगाची जी कीर्ती होती ती हिला मिळाली, आणि निवडुंगाने जे केले तेच तिनेही केले. गावाच्या कडेने, रस्त्यांच्या कडेने, कोरड्या तळ्यांच्या पोटातून सरकत ती कोडियक्करैच्या गवतात पोचली. तेथे तिला पसरवण्याचे काम जनावरांनीच केले. तिच्या शेंगा गोड असतात. गुरे खातात, तेथे मोकळी हिंडणारी तट्टे खातात, आणि उन्हाळ्यात गवत वाळले की काळवीटही खाते. बी पोटातून न मोडता बाहेर पडते, आणि लेंडीतल्या खतावर रुजते.

अशा रीतीने वेलि वेळीत शिरली. हरणाला बागेबाहेर ठेवणारा काटा हरणाच्या बागेत उगवला, आणि त्याची पेरणी हरणानेच केली. वनखाते वेळोवेळी ही झाडे उपटून गवताला पुन्हा जागा करून देते. काम चिवट आहे. नुसते खोड तोडून भागत नाही; मूळ जमिनीत राहिले तर पुढच्या पावसात त्याला चारपाच कोंब फुटतात, आणि कोंब बोटभर झाला की त्याच्या पानाच्या बगलेत पहिला काटा दिसतो.